पेशी

मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी वाढवते. गावी, मेडशीला, आईशी फोनवर बोलताना सांगायचे, "या रविवारी यायला जमत नाही, पेशी आहेत." आमच्याकडे पेशी म्हणजे कोर्टाची तारीख. दुसरा अर्थ शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात असतो, आणि आई चौथी शिकलेली.

एकदा तिने विचारलं, "निकाल कधी लागन?" मी संशोधनाच्या हिशेबाने म्हणाले, दोन-तीन वर्षं तरी. पोरगी आपणहून काही सांगत नाही म्हणजे प्रकरण नाजूक असणार, असं धरून तिने पुढे विचारलंच नाही. दिवाळीचे दोन दिवस सोडले तर मी वर्षभर घरी गेले नाही. वर्षाने गेले तेव्हा शेजारच्या काकांनी आमच्या तालुक्याच्या, मालेगावच्या एका वकिलाचा नंबर हातात ठेवला आणि हळूच विचारलं, दिवाणी आहे की फौजदारी.

मी हसतच घरात शिरले. आई सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होती. समोर बसून तिला सगळं समजावलं. फार वर्षांपूर्वी परदेशातल्या एका बाईला हा रोग झाला. तिच्या पेशी बाटलीत वाढवल्या. बाई गेली, पेशी अजून वाढतात. त्यांच्यावर औषधं तपासतात. मी एक दिवसाआड त्यांचं गुलाबी पाणी बदलते, तेच त्यांचं जेवण.

"नाव काय त्या बाईचं?"

"माहीत नाही. बाटलीवर नंबर असतो."

"लेकरंबाळं?"

"माहीत नाही."

"वर्सभर जेवू घालून राह्यली अन् नाव माईत नाई."

मला राग आला. कामात नाव लागत नाही, असं म्हणाले. तिने डाळीतला खडा उचलून बाजूला ठेवला.

"तिची गाठ दुखे का?"

"सुरुवातीला बहुतेकदा दुखत नाही." नव्या विद्यार्थ्यांना सांगते त्याच आवाजात मी सांगितलं.

"हो. नाई दुखत."

मी पाणी प्यायला उठले होते. माठापाशी पोचल्यावर ते वाक्य मला कळलं.

परत येऊन हात लावून पाहिलं. बोराएवढी होती.

"कधीपासून?"

"होईन वर्स. तू तिकडं कोर्टात अडकेल होती. म्हटलं, तुयी केस निपटू दे, मंग सांगू."

मला इतकी लाज वाटली की रडूही आलं नाही. वर्षभर मी एका अनोळखी बाईच्या गाठीला वेळेवर जेवू घातलं, आणि आईला एक शब्द नीट समजावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अकोल्याच्या एसटीची वाट पाहत उभ्या होतो. दवाखान्यात लागतील म्हणून आईचे आधार-रेशनचे कागद माझ्या पिशवीत होते. काकांनी मोटारसायकल थांबवली.

"पोरीची पेशी हाय का आज?"

"नाई," आई पदर सारखा करत म्हणाली. "आज मायी."