उघड्या स्वार्थाचा माणूस

दोन हजार एकोणीस साल होतं, मी सदुसष्ट वर्षांचा. सिरसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं एक मेंढपाळ होता. कुणी काही मागितलं की काठीवर हनुवटी टेकून विचारायचा, “त्यात माजं काय?”

लोक त्याला आपमतलबी म्हणत. म्हणोत. तुमच्याही गावात असा एखादा असेल.

पेरणीआधी मी त्याच्या मेंढ्या माझ्या रानात बसवायचो. मेंढ्या रात्रभर बसल्या की रानाला लेंड्यांचं खत मिळतं. बदल्यात तो ज्वारी न्यायचा. पहिल्या वर्षी मी म्हणालो, “आपली दोस्ती हाय, जवारीचं काय काढतो?”

“दोस्ती चहाला ठिवा, आबा. लेंड्या तुमच्या, जवारी माजी.”

त्याच्याशी कधी वाकडं आलं नाही. गोड बोलणाऱ्या भावकीशी मात्र बांधावरून दरसाल भांडण. चौथी शिकलेला माणूस मी, पण एवढं कळतं: स्वार्थ उघडा असला की व्यवहार होतो, झाकला की घात.

एकोणीस साली गावच्या पुढाऱ्याने ग्रामसभेत काढलं, गायरानातला खड्डा परळीच्या वीज केंद्राच्या राखेनं भरू, पोरांना मैदान होईल. “यात माझा काडीचा स्वार्थ नाही,” म्हणत हात जोडले. टाळ्या पडल्या. राखेचे ट्रक त्याच्या मेव्हण्याचे, हे टाळ्या वाजवणाऱ्यांनाही ठाऊक होतं.

मेंढपाळ उठला. “माजा हाय स्वार्थ. माजी मेंढरं तिथं चरत्यात. तुमचा न्हाई, मंग इतका घाम कावून गाळता?”

“खाली बस बे!” पुढारी ओरडला. “गावापेक्षा तुझी मेंढरं मोठी?”

“गाव म्हंजी कोण? ह्या आबाची प्यायच्या पाण्याची हीर खड्ड्याला लागून हाय. इचारा त्याला.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी उठलो. “माजाबी हाय स्वार्थ. मला राखेचं पाणी प्यायचं न्हाई.”

मत घेतलं. विरोधात आम्ही दोघंच.

लगेच पुढाऱ्याने निरोप फिरवला: याच्या मेंढ्या कुणी रानात बसवायच्या नाहीत. मी म्हणालो, “माज्या रानात बसव. बघू कोण येतंय.”

“एका रानावर कळप जगत न्हाई, आबा,” म्हणाला, आणि संध्याकाळीच घोड्यावर बिऱ्हाड लादून निघाला. पुन्हा कधी दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैलजोडी घेऊन गायरानात गेलो. खड्ड्याच्या तोंडाशी मेख ठोकली, बैल बांधले, पुढ्यात कडबा टाकला. राखेचा पहिला ट्रक आला आणि हॉर्न वाजवत राहिला. मी मेख हलवून पाहिली. जरा ढिली वाटली, म्हणून आणखी दोन घाव घातले.