सँपल, किंमत दहा रुपये

कुरिअरच्या पावतीची मागची बाजू मी आयुष्यात पहिल्यांदा वाचली ती पार्सल हरवल्यावर. फिक्या गुलाबी शाईत, मुंगीएवढ्या अक्षरांत पंधरा-सोळा कलमं. ती कुणी वाचू नयेत म्हणूनच तशी छापत असावेत, असं मला आजही वाटतं.

तेव्हा मी अंधेरी पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये डिस्पॅच सांभाळायचो. गाळा लहानसा. दोन लेथ, मालक, मी आणि एक टर्नर. टर्नर मालवणकडचे, संपात गिरणी सुटलेले. मी त्यांना काका म्हणायचो. नागपूरच्या एका गिरणीला परदेशी मशीनचा एक कॅम, म्हणजे फिरणारा पोलादी सुटा भाग, इथेच बनवून हवा होता. महिनाअखेरपर्यंत नमुना पोचला आणि पसंत पडला, तर वर्षभराचं काम. मालकाने काकांसमोरच सांगून टाकलं होतं, "ऑर्डर आली तर ठीक, नाहीतर मोठा लेथ विकतो. मग तुम्हाला ठेवून काय करू?"

काकांनी त्या कॅमवर सतरा दिवस घालवले. एका डोळ्यात मोतीबिंदू उतरत होता, म्हणून शेवटचं घासकाम ते दारात उजेडाला बसून करायचे. तयार झाल्यावर त्यांनी तो स्वतः तेलकागदात गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

पार्सलवर आणि पावतीवर काय लिहायचं, हे आमच्या इस्टेटीत कुणी कुणाला शिकवत नसे. गाळा कुणाचाही असो, माल कसलाही असो, मजकूर एकच: 'सँपल, विक्रीसाठी नाही, किंमत दहा रुपये.' पलीकडच्या नाक्यावर जकात चुकायची आणि कुरिअरवाला विम्याचं नाव काढायचा नाही. मी शेकडो वेळा लिहिलं होतं. त्या दिवशीही लिहिलं, आणि डोकं जराही वापरलं नाही.

पार्सल नागपूरला पोचलंच नाही. पंधरा दिवस मी कुरिअरच्या ऑफिसात खेटे घातले. "ट्रान्झिटमध्ये आहे," "ट्रेस चालू आहे," "उद्या या." काउंटरवरचा माणूस चहा पीत पीत सांगायचा आणि माझं टाळकं सटकायचं. महिना संपला, गिरणीने काम दुसऱ्याला दिलं. मग एकदाचं त्याने कबूल केलं की पार्सल गहाळ झालं.

"भरपाईचं काय?" मी ओरडलो.

त्याने पावती उलटी करून कलमावर पेन ठेवलं. शंभर रुपये किंवा लिहिलेली किंमत, यांतली जी कमी असेल ती.

"दहा तर तुम्हीच लिहिलेत ना, साहेब? इन्शुरन्स काढला असता तर गोष्ट वेगळी होती."

मी टेबलावर हात आपटला, नको ते बोललो. सगळ्यात जास्त संताप याचा आला, की तो खोटं बोलत नव्हता. पार्सल हरवलं त्यांनी, आणि कागदावर चोर ठरलो मी.

लेथ विकला गेला. शेवटच्या दिवशी काका आपली हत्यारं पिशवीत भरत होते. कुरिअरवाल्यांनी काही दिलं का, असं त्यांनी सहज विचारलं. मला थाप मारता आली असती. पण आधीच एक खोटं लिहून बसलो होतो, म्हणून मी पावती त्यांच्यापुढे धरली. चांगल्या डोळ्याजवळ नेऊन त्यांनी ती वाचली.

"धा रुपये?"

"सगळेच तसं लिहितात, काका. जकातीसाठी."

"ता माका म्हायत आसा." त्यांनी पावतीची नीट घडी घातली आणि मला परत दिली. "पन्नास तरी लिवूक होये होते रे."