ब्रशवहिनी

शिंप्याच्या दुकानात दिवसभर दोन मशिनं समोरासमोर चालत आणि नवरा-बायको एकमेकांशी अवाक्षर बोलत नसत. भांडण नव्हतं, तोंडात टाचण्या असत. बोलायचं ते रविवारी, मैदानावर, रिमोटच्या गाड्यांच्या शर्यतीत. गाडी मास्तर पळवत आणि तिची मोटर वहिनी सांभाळत.

त्या मोटरीत कार्बनचे दोन चिमुकले तुकडे असतात, त्यांना म्हणायचं ब्रश. आतल्या तांब्यावर घासत ते मोटरीला वीज पोचवतात, आणि घासून घासून झिजतात. म्हणून फेरी संपली की वहिनी मोटर उघडायच्या, जुन्या टूथब्रशने काळी भुकटी झाडायच्या, ब्रश फारच झिजले असतील तर नवे बसवायच्या. तोवर मास्तर शेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या नकला करत. आठवड्याभराचं हसू वहिनींना तिथेच मिळायचं. साऱ्या मैदानाने त्यांचं नाव ब्रशवहिनी ठेवलं होतं.

मग लेकीने बापाला बिनब्रशच्या मोटरीची नवी गाडी आणून दिली. त्या मोटरीत घासणारं काहीच नाही, त्यामुळे झिजणं नाही की उघडणं नाही. गाडी अशी सुसाट सुटली की मास्तर आयुष्यात पहिल्यांदा पहिले आले. फेऱ्यांच्या मधे ते बिनब्रशवाल्यांच्या घोळक्यात, आणि वहिनी टूथब्रश हातात धरून एकट्या.

"वहिनी, तुम्ही तर पेन्शनीत निघालात," कुणीतरी गमतीने म्हणालं. वहिनी हसल्या खऱ्या, पण मनातून खट्टू झाल्या.

"पुढच्या रविवारी मी नाही येत," परतताना त्या म्हणाल्या. "माझं काय काम तिथे?"

"अगं, आराम कर की बसून," मास्तर म्हणाले.

"आराम करायला घरात खाट आहे."

 

पण रविवारी मास्तरांच्या आधी त्याच तयार होऊन दारात उभ्या, काखेत जुनी ब्रशवाली गाडी.

"येणार नव्हतीस ना?"

"बसायला येणार नव्हते. पळवायला येतेय."

ब्रशच्या गाड्यांची शर्यत अजून वेगळी होत असे. वहिनींची गाडी जाताना झकास गेली, वळून समोरून येऊ लागली आणि थेट कुंपणात. दुसऱ्या चकरेलाही तेच. तोंडावर येणाऱ्या गाडीचं डावं-उजवं उलटं होतं, हे वहिनींच्या गावीही नव्हतं. इतकी वर्षं त्यांची मान मोटरीत खुपसलेली.

"अगं, उलटं कापड आहे ते," मास्तरांनी मागून सांगितलं.

एवढं पुरे झालं. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात उलट्या कापडावर खूण करून वहिनींनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या होत्या. ती फजिती त्या विसरणं शक्य नव्हतं. गाडी सुतासारखी सरळ आली. शेवटून दुसरा नंबर लागला आणि वहिनींचा चेहरा नुसता फुलला.

मग त्यांनी गरम मोटर मास्तरांपुढे ठेवली, टूथब्रश त्यांच्या हातात दिला आणि स्वतः स्टुलावर जाऊन बसल्या.

मास्तरांनी चष्मा चढवला. "तू बोल आता. माझे हात कामात आहेत."

वहिनींनी घसा खाकरला आणि नक्कल सुरू केली. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशी भाव करणाऱ्या मास्तरांची. मास्तरांना असं हसू फुटलं की ब्रश दाबून धरणारी स्प्रिंग उडून गवतात गेली, आणि पुढची फेरी सुरू झाली तरी दोघं गुडघे टेकून ती शोधत होती.