जेबेल जैसवर न पेटलेला हीटर

देवावर माझा विश्वास आहे की नाही, हे मला स्वतःलाच कधी नीट सांगता आलं नाही. गावी कोकणात सातेरीच्या देवळात हात जोडायचो, ते आई शेजारी उभी असायची म्हणून. इकडे आखातात, मुसफ्फाच्या गॅरेजमध्ये पंधरा वर्षं एसी आणि हीटर दुरुस्त केल्यावर तर वाटायला लागलं, की बिघाड असतो आणि त्याचं कारण असतं; मधे तिसरं कुणी नसतं.

गेल्या जानेवारीत मालकाची कॅम्पर व्हॅन दोन दिवसांसाठी मिळाली. बायकोला आणि सहा वर्षांच्या मुलीला घेऊन जेबेल जैसवर गेलो. ऊन उतरलं तसा डोंगरावर गारठा वाढला. मुलगी नुकतीच न्यूमोनियातून उठलेली. "पप्पा, आयॅम कोल्ड," म्हणत होती. हीटर लावला, तर पंखा फिरे, टिकटिक होई, पण ज्योत धरेना. शेगडी पेटत होती, म्हणजे गॅस येत होता. बॅटरीही भरलेली. उरला हवेचा स्विच; हवा पुरेशी वाहिली नाही तर तो हीटर पेटूच देत नाही. एवढ्या उंचीवर हवा विरळ, म्हणून तो अडतोय, असं मी धरून चाललो. वायर जोडून स्विच डायरेक्ट करायचं, म्हणजे त्याला मधून वगळायचं ठरवलं.

"अहो, काही चुकत नाही ना?" बायकोने विचारलं.

"पंधरा वर्षं हेच करतोय."

ती मुलीला शालीत घेऊन, हीटर पेटू दे म्हणून सातेरीला विनवत बसली. खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही तेच मागितलं.

तेवढ्यात दारावर थाप पडली. एक वयस्कर पठाण उभा होता. पलीकडे त्याची पिकअप पंक्चर होऊन थांबली होती. "भाईजान, पाना मिलेगा?" मला राग आला. पण बायको म्हणाली, "जा हो, म्हातारा माणूस आहे." वायर तशीच टाकून गेलो आणि त्याचं चाक बदलून दिलं.

मला सोडायला तो व्हॅनपर्यंत आला आणि बाहेरच्या बाजूला वाकून म्हणाला, "ये मिट्टी कैसी?" धूर बाहेर जायच्या भोकात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं. भोक पार बुजलेलं; म्हणून हवा वाहत नव्हती आणि स्विच अडवत होता, तो बरोबरच. मी घाईने आतलं झाकण उघडलं, तर धुराच्या नळीचा जोडही सुटलेला. वायर जोडली असती तर सगळा विषारी धूर बंद गाडीत, आम्ही झोपलेलो असताना भरला असता. मी वायर उचलून बाजूला ठेवली.

"खलास, आज मत जलाओ. नीचे ठंड नहीं है," म्हणून तो निघून गेला. नाव विचारायचं राहिलंच. आम्ही खाली उतरलो आणि समुद्राजवळ हीटरशिवाय झोपलो.

याला चमत्कार म्हणायचं माझ्या जिभेवर येत नाही. पंक्चरला कारण असतं, माशीच्या घरालाही. पण आम्ही दोघांनी मागितलेलं त्या संध्याकाळी मिळालं नाही, म्हणून आज तिघं आहोत. ज्याने कुणी ते दिलं नाही, त्याचे उपकार फिटणारे नाहीत. हल्ली मीही हात जोडतो. मागायचं ते मागतो, आणि शेवटी म्हणतो, "बाकी तू बघ."