कोर आणि चतकोर

माझी नात मोबाईलच्या आतल्या चिपचं काम करते. तिची कंपनी बेंगळुरूची, पण काही महिने ती आमच्या दुर्गजवळच्या नेहरू नगरच्या घरूनच काम करत होती. वरच्या खोलीचं दार लावून दिवसभर इंग्रजीत बोलायची. मी चौथी शिकलेली. त्यातलं मला एवढंच कळायचं, की ही पोरगी सारखी कुणाला तरी झोपवायच्या गोष्टी करते. ‘स्लीप’ हा शब्द मला डॉक्टरांमुळे माहीत आहे.

मग ऑफिसनं तिला परत बोलावलं. जाताना आईला, म्हणजे माझ्या सुनेला, सोबत नेते म्हणाली. सुनेला पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरांनी तिला वेळेवर जेवायला सांगितलं होतं, पोट रिकामं ठेवायचं नाही म्हणून बजावलं होतं.

“माझ्याजवळ राहिली तं मम्मी टाइमवर जेवंल,” नात म्हणाली.

मी म्हटलं, “अन् तुह्या बापाले गरम पोळ्या कोन टाकून देईन? मी?”

नात जिना चढून वर गेली. मला वाटलं विषय संपला. सून तिथंच धुणं घडी करत उभी होती. तिला जायचं आहे का, हे मी विचारलं नाही. नातीनंही विचारलं नाही, खरं म्हणजे.

त्याच आठवड्यात भजनाच्या बायका दुपारी आमच्याकडे आल्या. सगळ्या आमच्यासारख्याच, भंडारा-नागपूरकडून इकडे आलेल्या, नवरे स्टील प्लांटमधून रिटायर झालेले. त्यांच्यातली एक आमची सेक्टरमधल्या प्लांटच्या क्वार्टरची जुनी शेजारीण. तिची जीभ पहिल्यापासून धारेची. भजन संपलं आणि ती छताकडे पाहत म्हणाली, “तुमची नात अजून घरीच हाय म्हंते? नोकरी हाय ना व, का सुटली?”

मला ते झोंबलं. मी जिन्यातून हाक मारली, “पोरी, खाली ये. सांग या बायकायले तू काय करते ते.”

नात खाली आली आणि बायकांमध्येच सतरंजीवर बसली.

“मोबाईलच्या चिपमध्ये कोर असतात. त्यायचे ग्रुप पाडते मी.”

“कोर?” शेजारीण म्हणाली. “भाकरीची कोर? चतकोरातली?”

सगळ्या हसल्या. नातही हसली. “चला, जेवनावरच सांगते. कोर म्हनजे काम करनारे समजा. काही मोठे असतात. काम फटाफट करतात, पन खातात बी भरपूर. काही छोटे. हळू काम करतात, खातात कमी. फोनवर व्हिडिओ लावला का मोठ्यायले उठा लागते. फोन नुसता पडून आहे, मेसेजची वाट पाहून राहिला, तं छोटेच पुरतात.”

“मंग मोठ्यायले झोपू दे.”

“तेच तं करतो आम्ही. पन एकट्या-दुकट्याले झोपवून बॅटरीची पुरी बचत नाही होत. पुरा ग्रुप एका गॅसवर असतो. त्यातला एक जरी जागा असला तरी गॅस चालू ठेवा लागते. शेवटचा झोपला का मंगच बंद. म्हनून मोठ्यायची पंगत अलग, छोट्यायची अलग. कोन कोनत्या पंगतीतला, हे फोनले सांगून ठेवा लागते. ते मी लिहिते.”

“अन् सगळे संगच बसवले तं?”

“तं सगळ्यायची चाल एकच होते. मोठा पळाला का छोट्याले बी त्याच्या स्पीडनं पळा लागते. आमच्या एका फोनमध्ये सगळे एकाच पंगतीत लिहिले गेले होते. फोन खिशात पडल्या पडल्या गरम. बॅटरी दुपारीच खतम.”

मला बरं वाटत होतं. पोरगी सांगत होती आणि बायका ऐकत होत्या. शेजारणीनंही मान हलवली. म्हणाली, “म्हनजे शेवटचं मानूस जेवल्याबिगर गॅस बंद नाही.”

“हो. आमच्या घरच्यासारखं,” नात म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उदाहरण सापडलं, एवढंच.

“तुमच्या घरी कोन असते शेवटी?”

“मम्मी. पहिल्या पंगतीत पप्पा, आजी अन् मी. दुसऱ्या पंगतीत मम्मी.”

“अन् आनखी?”

“आनखी कोनी नाही.”

तेवढ्यात सून चहाचा ट्रे घेऊन आली. शेजारीण तिच्याकडे पाहून मग माझ्याकडे वळली. “अवं, एकटीची कुठं पंगत असते का?”

आणि मी म्हटलं, “तिले सवय आहे.”

बोलून गेले आणि माझे मलाच ते शब्द ऐकू आले. गाईबद्दल बोलावं तसं मी बोलले होते. बायकांनी कप उचलले. सुनेनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, “साखर कमी असंन तं सांगा.” मला तिच्याकडे पाहता आलं नाही. मी माझ्या चहात पाहत बसले. नात खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत होती. आपणही पहिल्या पंगतीत बसतो, हे तिलाही आत्ताच दिसलं असावं.

बायका गेल्यावर मी स्वतःशी बरीच वकिली केली. गरम पोळीची रीत मी लावली नव्हती, ती शिफ्टनं लावली होती. नवरा भट्टीवरून घरी यायचा तो ताटावर बसायचा. तव्यावरची पोळी सरळ ताटात पडली पाहिजे, डब्यातली त्याला चालायची नाही. मी पोळ्या करायचे, तो जेवायचा, मुलगा जेवायचा, मग मी. सून आली आणि मी तव्यापासून उठून ताटावर जाऊन बसले. नवरा गेला, शिफ्ट गेली, मुलाला जनरल ड्यूटी, म्हणजे रोज दिवसाचीच, लागली. पण मी काही ताटावरून उठले नाही. वकिली इथंच संपली. शेवटी जेवण्याचं दुःख काय असतं, हे त्या घरात मला एकटीलाच माहीत होतं. तरी मी ते तिला दिलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा ड्यूटीवर होता आणि नात वर मीटिंगमध्ये. मी सुनेला सांगितलं, “सगळ्या पोळ्या करून डब्यात ठेव. गॅस बंद कर. मी तुह्यासंग बसते.”

तिनं मला विचारलं, “बरं नाही वाटून राहिलं का, आई?”

“बरं आहे. बस.”

ती बसली, पण एक गुडघा वर ठेवून. कधीही उठता यावं अशी. मला दात नाहीत, मला जेवायला वेळ लागतो. पहिल्या पंगतीत मुलाच्या वेगानं मी घास तसेच गिळायचे. आज सावकाश खात होते आणि तिच्याकडे पाहत होते. खरं सांगायचं तर मी तिला आजवर नीट जेवताना पाहिलंच नव्हतं. तिचं लग्न होऊन ती या घरात आली, तिची मुलगी शिकून नोकरीला लागली, आणि ती घास कसा घेते हे मला माहीत नव्हतं.

ती फार भराभर जेवते. मागे कोणी लागल्यासारखी. डब्यातून तिनं वरची पोळी घेतली नाही. खालून एक करपलेली काढली आणि कालची उरलेली चतकोर. वांग्याच्या भाजीला हात लावला नाही. भात, वरण आणि मिरचीचा ठेचा.

“भाजी घे न.”

“नको.”

“काहून?”

“मले वांगं नाही आवडत, आई.”

“कधीपासून?”

“लहानपनापासून.”

आमच्या घरी हप्त्यातून दोनदा वांगं असतं. मला आवडतं, मुलाला आवडतं. नवऱ्यालाही आवडायचं. ती ते निवडते, चिरते, फोडणीला टाकते. आणि पित्त असलेली बाई शेवटी मिरचीशी भात खाऊन उठते. मी त्या पित्तासाठी तिला जिऱ्याचं पाणी घे म्हणून सांगत असे. मला ताटावरून उठावंसं वाटलं. पण उठू शकत नव्हते, कारण मी उठले असते तर तीही अर्ध्या जेवणातून उठली असती.

“तू जा पोरीसंग,” मी म्हटलं.

तिचा हात थांबला. “कालच्या गोष्टीचा राग आला का तुमाले?”

“राग नाही.”

“पोरगी बोलली थे मनावर नका घेऊ. तिले समजत नाही कुठं काय बोलावं.”

“तिले समजते. मलेच नाही समजलं. तुले जाचं आहे का? ते सांग.”

तिनं ताटातली चतकोर मोडली. मला वाटलं म्हणेल, नको आई, तुमचं कसं होईल. तशी सोय तिनं मला दिली नाही.

“हो,” ती म्हणाली. “जाचं आहे.”

मला लागलं. लागायचा हक्क मला नव्हता, तरी लागलं. मी म्हटलं, “मंग जा.”

“अन् पोळ्या?”

“सकाळीच करून डब्यात ठेवीन. तो खाईन नाहीतर राहीन उपाशी. तुह्या नवऱ्याले दात आहेत.”

ती हसली. तोंडावर पदर न घेता माझ्यासमोर हसली.

मुलानं दोन दिवस कुरकुर केली. दुर्ग स्टेशनवर त्यांना सोडून आला आणि आल्यावर डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या. काही झालं नाही त्याला. इतकी वर्षं जिच्यासाठी एका बाईला तव्यापाशी उभं ठेवलं, ती पोळी गार झाली तरी पोळीच असते.

आता रात्री आम्ही मायलेक एकदम बसतो. त्याचं आटोपतं, तो उठतो. मी मागून एकटी खात असते. घर ऐकू येतं तेव्हा. सून मागून जेवायची तेव्हा तिला ते रोज ऐकू येत असेल.

काल एक वाजायच्या आत मी सुनेला फोन लावला. आजवर मी तिला फोन करायचे तो काही सामान सापडलं नाही की.

“जेवली का?”

“हो, आई. केव्हाचीच.”

“काय केलं होतं?”

“भेंडी. सावकाश जेवली, मंग थोडी पडली होती. तुमच्या फोननं उठली.”

ती बोलत राहिली. कसली घाई नव्हती तिला. मध्येच मी आवाज ओळखला नाही, म्हटलं नातीनंच फोन घेतला की काय. तिचा आवाज घाई नसली की असा असतो, हे मला माहीत नव्हतं.