मामांची गाडी, माझे हात

लाजेच्या गोष्टींचं एक बरं असतं, त्या आपल्याला सांगाव्या लागत नाहीत. घरातलेच सांगतात, आलेल्या प्रत्येक पाहुण्याला, चहा उकळेपर्यंत एक. माझ्या नावावर आता इतक्या जमल्यात की पाहुणेच फर्माईश करतात. म्हटलं, यावेळी मीच सांगतो.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी ड्रायव्हिंग सोडलं आणि कागलहून आपली जुनी गाडी आम्हाला दिली. अंगावर एक ओरखडा नाही. किल्ली देताना म्हणाले, "पावणं, लेकीगत सांभाळली हाय. कुणाच्या बी हातात देऊ नगासा."

मी ते फारच मनावर घेतलं. गॅरेज बंद, सगळं आपल्या हातानं!

पहिल्याच रविवारी वायपरच्या टाकीत साबणाचं पाणी भरलं. बॉनेटखाली दोन टाक्या असतात हे मला ठाऊक नव्हतं. कागलला निघालो, तर वाटेत बॉनेटच्या फटीतून फेस. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यात मी साबण ओतला होता. बायको, अश्विनी, उतरून बघत म्हणाली, "आत धुणं टाकलंय काय?"

मग हेडलाइटचा बल्ब. हात आत गेला, तो बाहेर येईना. आईनं वाटीभर खोबरेल ओतलं तेव्हा सुटला. नवा बल्ब बसवून दिवे लावले. उजवा झकास, डावा अजून बंदच. आई म्हणाली, "मग चालू दिवा कशाला काढलास रं?"

वायपरचं रबर म्हणजे दोन मिनिटांचं काम. रबर काढलं आणि दांडी तशीच उभी सोडली. ती सटकन काचेवर आपटली, काचेला तडा. तो झाकायला मी वर गणपतीचं स्टिकर चिकटवलं. पुढच्या खेपेला मामांनी त्या स्टिकरला हात जोडले. "बरं केलं पावणं, देव बसवला." मला त्यांच्याकडे बघवेना.

आणि यंदाची खंडेनवमी. गाडीची पूजा करायला मामा कागलहून येणार होते. पूजा झाली की त्याच गाडीतून हातकणंगल्याला, त्यांच्या थोरल्या बहिणीकडे. तिलाही फोन करून सांगून ठेवलेलं. नेमकं सकाळी चाक पंक्चर दिसलं. मी जॅक लावून चाक काढलं, तर स्टेपनीत हवा नाही. ती भरून आणेपर्यंत आईनं घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. विळी, कोयता, हातोडी आणि मधोमध चाकाचा पाना, हळदकुंकू लावून.

"आई, पाना दे."

"पुजल्यालं हत्यार आज उचलत न्हाईत."

तेवढ्यात मामा दारात. नवं धोतर, हातात हार, पिशवीत लिंबं. काय झालंय ते अश्विनीनं हळूच सांगितलं. त्यांनी बॉनेटला हार घातला, तीन चाकांखाली तीन लिंबं ठेवली. चौथं लिंबू घेऊन चौथ्या चाकाच्या रिकाम्या जागेपाशी वाकले, मग ते जॅकजवळ ठेवलं आणि नमस्कार केला.

बहिणीला फोन करून म्हणाले, "आज न्हाय जमत, अक्का." मग एसटी गाठायला चपला घातल्या. जाताना माझ्याशी नाही, आईशी बोलले.

"इनबाई, त्यो पाना उद्या बी उचलू देऊ नगासा."