पहिल्या पानावरचं पत्र

आयोवातल्या एलिम ग्रोव्ह कॉलेजात लॉर्ना हाउटमन सत्तावीस वर्षं प्रवेशाचं काम बघत होती. कॉलेज चर्चचं, गाव डच वळणाचं, आणि लॉर्ना या दोन्हींत मुरलेली. रविवारी दोनदा चर्च, सोमवारी सकाळी आठला टेबलावर हजर. नव्या पोराला प्रवेशाचं पत्र गेलं की खाली ती स्वतःच्या हातानं लिहायची, ‘तुझी वाट बघतोय.’

असं पत्र डेलिया रुश्टलाही गेलं होतं. साउथ डाकोटातली ही शेतकऱ्याची मुलगी चर्चमध्ये पाळक, म्हणजे धर्मगुरू, व्हायचं म्हणून आली. दुसऱ्याच आठवड्यात ती लॉर्नाच्या टेबलापुढे उभी राहिली. डोळे सुजलेले.

“मिसेस हाउटमन, प्रवचनाच्या वर्गात मुलींना घेत नाहीत म्हणे. खरं आहे?”

खरंच होतं. स्त्री-पुरुष भेद करू नये असा सरकारचा नियम आहे, पण धर्माच्या कारणानं कॉलेजला त्यातून सूट मिळाली होती. वॉशिंग्टनहून आलेलं ते पत्र लॉर्नानंच फाईलला लावलेलं. पाळकाचा अभ्यासक्रम फक्त मुलांना. लग्नाआधी दिवस गेले तर वसतिगृहातून नाव कमी. असं बरंच काही त्यात होतं. माहितीपुस्तकात मात्र त्याचा एक शब्द नव्हता.

“मग मला आधी का नाही सांगितलं?” डेलियानं विचारलं. “तुम्ही तर लिहिलं होतं, वाट बघतोय म्हणून.”

त्या संध्याकाळी लॉर्नानं मुलीला घरी जेवायला नेलं, दुसऱ्या दिवशी मुलींनाही प्रवचन शिकवणाऱ्या मिनेसोटातल्या एका कॉलेजला फोन लावला आणि त्याच आठवड्यात तिला तिथं प्रवेश मिळवून दिला. पण मनाला लागलं ते लागलंच.

“आपल्या चर्चची शिकवण तुला पटत नाही का गं आता?” नवऱ्यानं, गेरिटनं, विचारलं.

“पटते. म्हणून तर लपवाछपवी खुपते.”

“मग माझ्यापुढे काय कुरकुरतेस? मार्विनला जाऊन सांग. तुझ्या हातची बिस्किटं खाऊनच तो अध्यक्ष झालाय.”

अध्यक्ष मार्विन टेन हार्केल याच कॉलेजचे जुने विद्यार्थी. लॉर्ना त्यांच्या खोलीत गेली आणि वॉशिंग्टनचं ते जुनं पत्र तिनं पुढ्यात ठेवलं.

“हे अर्जाच्या पहिल्या पानावर छापू या, सर.”

“अहो लॉर्ना, लपवलंय कुणी? विचारलं तर आपण सांगतोच की.”

“विचारायचं काय हेच ठाऊक नसलं तर पोरं विचारणार कशी?”

“मुलं कमी होतील. विश्वस्त माझ्या डोक्यावर बसतील.”

“होतील. पण आपल्या श्रद्धेची लाज वाटत असेल तर ती बदलू या. वाटत नसेल तर दारावर लावू या. पोरी घर सोडून येतात हो, सामानसुमान घेऊन.”

मार्विननी पत्र उलटसुलट केलं. मग म्हणाले, “वकिली भाषा नको. सोळा-सतरा वर्षांच्या पोरीला कळेल असं लिहा. विश्वस्तांचं मी बघतो.”

लॉर्नानं चार दिवस खपून ते लिहिलं. वसंतात ते वेबसाइटवर आणि अर्जावर आलं. एका माजी विद्यार्थ्यानं फोनवर तिला यथेच्छ झापलं. “शोभा केलीत कॉलेजची!” अर्ज थोडे घटले, पण विश्वस्तांच्या भीतीइतके नाहीत. एका आईचा फोन आला: मुलगी आता तुमच्याकडे येणार नाही, पण आधी सांगितलंत, उपकार झाले. लॉर्नानं तिलाही मिनेसोटाचा नंबर दिला.

उन्हाळ्यात डेलियाचं कार्ड आलं. प्रवचनात पहिली आली होती. गेरिटनं ते फ्रिजवर लावलं.

ऑगस्टमध्ये नव्या पोरांच्या गाड्या आवारात लागल्या. आपल्या खोलीची किल्ली घ्यायला आलेल्या एका मुलीला लॉर्नानं विचारलं, “पहिलं पान वाचलंस ना, बाळ?”

“दोनदा,” ती म्हणाली. “बाबांशी कडाकडा भांडलेसुद्धा त्यावरून. सगळं नाही पटत मला. पण तरी यायचं ठरवलं.”

“मग ये,” लॉर्ना हसली आणि तिनं किल्ली पुढे केली. “दुसरा मजला. जिन्याचा दिवा जरा दमानं लागतो.”